प्राध्यापकांच्या स्टार्टअपमध्ये गुंतवणूक: पैसे यायच्या आधी कोणते कागद लागतात आणि फाईल कुठे अडते

नागपुरात संशोधनाची कमतरता नाही. अमरावती रोडचा नागपूर विद्यापीठाचा कॅम्पस आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकीचं, तर लक्ष्मीनारायण हे रासायनिक तंत्रज्ञानाचं शिक्षण देतं, आणि नीरी ही पर्यावरण संशोधनाची केंद्रीय प्रयोगशाळा आहे. फ्लोराइड काढणारं गाळणीचं माध्यम असो की कापसाच्या किडीवरचं जैविक औषध, काम दाखवलं की गुंतवणूकदार ऐकून घेतात. गाडी अडते ती त्यांचा वकील कागद मागतो तेव्हा. अशा फाईली मी काही वर्षं जवळून पाहतेय. त्यातले बहुतेक नकार विज्ञानामुळे आलेले नाहीत. "हा शोध कंपनीचाच आहे, हे कशावरून?" या प्रश्नाला कागदावर उत्तर नव्हतं, म्हणून आलेत.

म्हणून सुरुवात त्या कागदापासून.

प्रयोगशाळा विद्यापीठाची, उपकरणं सरकारी प्रकल्पाच्या पैशातली, पगार विद्यापीठाचा, आणि पेटंटच्या अर्जात अर्जदार म्हणून एकट्या सरांचं नाव. हे सर्रास दिसतं. केंद्राच्या 2019 च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात स्पष्ट लिहिलंय की संस्थेची साधनं किंवा निधी मोठ्या प्रमाणात वापरला असेल, तर बौद्धिक संपदा संशोधक आणि संस्था यांची संयुक्त असते. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी या दोघांपेक्षा वेगळी, तिसरी व्यक्ती. तिच्याकडे हक्क जायचा तर हस्तांतरणाचा करार हवा, नाहीतर परवाना हवा, आणि तोही लेखी. "कुलगुरूंनी बैठकीत हो म्हटलं होतं" एवढ्यावर कुणीही कोटभर रुपये गुंतवणार नाही, आणि त्यात गुंतवणूकदाराची चूक नाही.

हा करार जवळजवळ कुणाकडेच नसतो. मागायला गेलं की फाईल विभागप्रमुखांकडून इन्क्युबेशनच्या (स्टार्टअपना आधार देणाऱ्या केंद्राच्या) संचालकांकडे, तिथून कुलसचिव कार्यालयात, मग विधी सल्लागाराकडे आणि शेवटी व्यवस्थापन परिषदेच्या पुढच्या बैठकीकडे सरकते. टर्म शीटमधली, म्हणजे गुंतवणुकीच्या प्राथमिक अटींच्या कागदातली मुदत मात्र आठवड्यांत मोजलेली असते. संशोधकाने तीन वर्षं घासलेलं काम केवळ "विषयपत्रिकेवर घेता आलं नाही" म्हणून हातचं जाताना पाहिलं की संताप येतो. त्यामुळे गुंतवणूकदार भेटायची वाट पाहू नका. कंपनी काढायचा विचार पक्का झाला त्याच महिन्यात संस्थेकडे या करारासाठी अर्ज द्या, आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या, आणि सोबत प्रकल्पाच्या मंजुरीपत्राची प्रत जोडा. निधी देणाऱ्या संस्थेच्या बौद्धिक संपदेच्या अटी त्या पत्रातच असतात आणि ते पान बहुतेकांनी वाचलेलं नसतं. पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने शोधात खरा वाटा उचलला असेल तर संशोधक म्हणून तिचं नाव आणि सही आत्ताच घ्या. ती उद्या परदेशी गेली की एका सहीसाठी सहा महिने जातात.

नीरीतल्यांसाठी मालक सीएसआयआर, म्हणजे नीरी चालवणारी केंद्राची वैज्ञानिक संशोधन परिषद आहे, त्यामुळे परवाना तिकडून लागतो. नोकरीत राहून कंपनीत भागभांडवल घ्यायची मुभा सीएसआयआरच्या शास्त्रज्ञांना 2009 पासून आहे, पण तीही रीतसर परवानगी घेऊनच.

आता "पेटंट आहे" म्हणजे काय, ते. माझ्यासमोर ठेवलेल्या प्रमाणपत्रांत बऱ्याचदा डिझाइन नोंदणी निघते. डिझाइन नोंदणी फक्त वस्तूच्या बाह्य रूपाला संरक्षण देते, ती चालते कशी याला नाही. पदोन्नतीच्या फाईलमध्ये तिचा काय उपयोग व्हायचा तो होवो, गुंतवणूकदारासाठी ते पेटंट नव्हे. "पेटंट पब्लिश झालं" म्हणजेही मिळालं असं नाही, अर्ज फक्त जाहीर झाला. आणि प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक विवरणावर केलेल्या अर्जाचे 12 महिने: त्या मुदतीत संपूर्ण विवरण दाखल केलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं. ही तारीख वाढवून मिळेल अशा आशेवर राहू नका. फी ही अडचण नाही. स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्थांना 80 टक्के सवलत आहे, ऑनलाइन अर्जाला 1600 रुपयांपासून सुरुवात होते.

प्रबंधाचं तर वेगळंच. तो शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढला की जगासाठी खुला झाला आणि पेटंटला लागणारा नवेपणा गेला. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला कायद्यात 12 महिन्यांची सवलत आहे, पण तिचा अर्थ "कुठेही छापा, वर्षभर चिंता नाही" असा लावू नका. आधी पेटंटचा अर्ज, मग प्रबंध, मग जर्नल.

दुसरा कागद नोकरीचा: ना-हरकत प्रमाणपत्र. 2019 च्या धोरणानुसार सल्लागार म्हणून कार्यालयीन वेळेच्या 20 टक्क्यांपर्यंत वेळ देता येतो. कंपनीत तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ कार्यकारी पद सांभाळायचं तर रजा घ्यावी लागते. संस्थेने किती हिस्सा घ्यावा यालाही 9.5 टक्क्यांची मर्यादा सुचवली आहे. पण हे धोरण मार्गदर्शक आहे. तुमच्या संस्थेने ते स्वीकारल्याचा ठराव झालाय का, हे विचारा आणि ठरावाची प्रत मागून घ्या. सरकारी महाविद्यालयात असाल तर 1979 चे वर्तणूक नियमही लागू होतात. परवानगीशिवाय स्वतः संचालक झालात, किंवा पत्नीला संचालक करून कारभार आपण पाहिलात, तर गुंतवणूकदाराच्या पडताळणीत ते उघडं पडतंच. गुंतवणूकदाराला पूर्णवेळ माणूस हवा असतो. सर वैज्ञानिक सल्लागार आणि विद्यार्थी पूर्णवेळ सीईओ ही मांडणी चालते, पण त्या विद्यार्थ्याला मनापासून झटावंसं वाटेल एवढे शेअर ठेवा. सगळे स्वतःकडे ठेवून त्याला दोन टक्के दिलेले मी पाहिलेत. ती पोरं टिकत नाहीत.

सरकारी पैसा आधी घ्यायचा असेल तर क्रम सांभाळा. स्टार्टअप इंडिया सीड फंड या केंद्राच्या योजनेत प्रोटोटाइपसाठी (नमुना उपकरणासाठी) 20 लाखांपर्यंत अनुदान आहे, पण कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको. ही दोन वर्षं कंपनीच्या नोंदणीपासून मोजतात, डीपीआयआयटीच्या, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाच्या स्टार्टअप-मान्यतेच्या तारखेपासून नाही. यात दरवर्षी माणसं फसतात. दुसरी अट अशी की इतर सरकारी योजनांतून 10 लाखांपेक्षा जास्त मदत घेतलेली नसावी. म्हणजे बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला मदत करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं 50 लाखांपर्यंतचं 'बिग' अनुदान कंपनीने आधी घेतलं की हे दार बंद. एकल मालकीच्या फर्मला डीपीआयआयटी मान्यता मिळत नाही. उगाच घाईने कंपनी काढून ठेवू नका, घड्याळ त्याच दिवशी सुरू होतं.

पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, संचालकांचे केवायसी, ताळेबंद हे सीए करून देतात.

शेवटचा टप्पा पैसे खात्यात येण्याचा, आणि इथे भली माणसं अडकतात. धंतोलीतले ओळखीचे डॉक्टर मदत म्हणून 10 लाख थेट कंपनीच्या चालू खात्यात टाकतात आणि त्यातून उपकरणाची ऑर्डरही जाते. असं करता येत नाही. शेअर देऊन पैसे घ्यायचे तर कंपनी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे आधी ठराव, मूल्यांकन अहवाल आणि देकार पत्र (शेअर घेण्याचा लेखी प्रस्ताव) लागतं. पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यायचे. 60 दिवसांत शेअर वाटप करायचं आणि वाटपानंतर 15 दिवसांत पीएएस-3 हा वाटपाची माहिती देणारा फॉर्म भरायचा. तो भरेपर्यंत त्या पैशातला रुपयाही खर्च करायचा नाही. वाटप वेळेत झालं नाही तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत द्यायचे, तेही चुकलं तर 12 टक्के व्याज. एंजल टॅक्सची (रास्त किमतीपेक्षा जास्त दराने शेअर दिल्यावर लागणाऱ्या कराची) भीती आता नको, तो 2024 च्या अर्थसंकल्पाने काढून टाकलाय. डॉक्टरसाहेबांना मात्र आजच फोन करून सांगा, की कागद तयार होईपर्यंत पैसे पाठवू नका.