उजेडाने ओळखायचं, आवाजाने निवडायचं

रेतनासाठी डॉक्टर गोठ्यात आले की उणे 196 अंशांच्या नायट्रोजनच्या कॅनमधून चिमट्याने बारीक कांडी काढतात आणि कोमट पाण्यात धरतात. साधी कांडी आणि कालवड व्हावी म्हणून घेतलेली महाग कांडी, दोन्ही दिसायला सारख्याच. पण दुसरीतली प्रत्येक शुक्रपेशी लेसरच्या उजेडातून गेलेली असते. वळूच्या एक्स (कालवड देणाऱ्या) शुक्रपेशीत वायपेक्षा (गोऱ्हा देणाऱ्या) सुमारे 3.8 टक्के जास्त डीएनए असतो. डीएनएला चिकटणारा रंग तिच्यात तेवढाच जास्त चमकतो आणि यंत्र तिला बाजूला काढतं. कोल्हापूरच्या दूधवाल्याला ओळखीचं झालेलं हे तंत्र मुळात माणसाच्या रक्तपेशींसाठी जन्मलं.

1953 मध्ये वॉलेस कूल्टर यांना पेशी मोजण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. त्या पद्धतीच्या यंत्रावर तांबड्या पेशींच्या आकाराच्या आलेखाला दोन उंचवटे दिसत. पेशी खरंच दोन आकारांच्या आहेत का? अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या मॅक फुलवायलरनी त्या वेगळ्या करूनच पाहायचं ठरवलं. स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांनी शाईच्या धारेचे थेंब पाडून त्यांना विद्युतभार देऊन हवे तिकडे वळवण्याची युक्ती काढली होती, ती फुलवायलरनी उचलली. 1965 मध्ये यंत्र चाललं. दोन उंचवटे हा निव्वळ भास निघाला, पण पेशी निवडणारं यंत्र जगाला मिळालं.

पुढे स्टॅनफर्डच्याच लेन हर्झेनबर्ग यांनी त्याला चमकणाऱ्या रंगांची जोड दिली, 1972 पर्यंत लेसरही आला. 1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाईन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडं (ठरावीक खुणेलाच चिकटणारी प्रथिनं) बनवायची रीत दाखवली आणि हव्या त्या पेशीला नेमकी खूण लावता येऊ लागली.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. धारेचे एकसारखे थेंब पडतात ते स्फटिकाच्या कंपनामुळे, सेकंदाला हजारो वेळा. म्हणजे या यंत्रात उजेडासोबत आवाजाचं काम पहिल्यापासूनच होतं.

तरी यंत्राच्या बारीक तोंडातून जोराने निघणं जिवंत पेशीला सोसवत नाही. त्या महागड्या कांडीने गाय गाभण राहण्याचं प्रमाण कमी असतं, त्याचं हे एक कारण.

म्हणून नजर पुन्हा आवाजाकडे वळली. ऑगस्ट कुंट यांनी 1866 मध्ये काचेच्या नळीत आवाज सोडला, तेव्हा आतली भुकटी ठरावीक जागी गोळा झाली होती. तेच तत्त्व धरून 2004 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात अल्ट्रासाउंडने रक्तातली चरबी काढून दाखवली: तांबड्या पेशी नळीच्या मधोमध, चरबीचे थेंब कडेला. साय धरते ना, तशी चरबी आपसूक वेगळी. मोठी पेशी लवकर सरकते, लहान मागे राहते, खूण लावायचीही गरज नाही.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, बदलून, परत त्याच्या अंगात सोडतात. कोल्हापूरहून परळला जाणाऱ्या रुग्णाच्या या पेशी केमोने आधीच थकलेल्या असतात. त्यातल्या शक्य तितक्या जिवंत राहाव्यात आणि बाहेरचा जंतू आत जाऊ नये, यासाठी बंद नळीतच आवाजाने पेशी निवडायचे प्रयोग चालू आहेत.