थाई लिपीत श, ष आणि ळ कसे टिकले

थाई वर्णमाला कुणी ओळीने म्हणून दाखवली, तर मराठी माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. क वर्ग, च वर्ग, मग ट, त, प. पुढे य-र-ल-व, श-ष-स-ह आणि हच्या पाठोपाठ चक्क ळ! आपण 'ग गणपतीचा' म्हणतो, तशी तिथली मुलंही प्रत्येक अक्षर एका शब्दाला जोडून पाठ करतात. षला जोडलेला शब्द आहे 'रुसी', म्हणजे ऋषी. पण श, ष, स या तिन्हींचा उच्चार आज तिथे एकच आहे, 'स'. शब्द जोडल्याशिवाय नेमका कुठला स, हे सांगताच येत नाही.

थाई ही संस्कृतच्या कुळातली भाषा नाही. ती ताई-कडाई कुळातली. लाओ आणि शान या तिच्या जवळच्या बहिणी. या कुळाचं मूळ दक्षिण चीनच्या बाजूला मानलं जातं. क्रियापदाला काळ, लिंग, वचन लागत नाही, आणि शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. हे लोक खाली चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात उतरले, तेव्हा तिथे मोन आणि ख्मेर लोक कित्येक शतकं लिहीत होते. ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून आलेली, म्हणजे शेवटी ब्राह्मीचीच शाखा. थाई लोकांनी तीच उचलली.

सुखोथाईचा राजा रामखामहेंग याच्या १२९२च्या शिलालेखात म्हटलं आहे की आधी ही अक्षरं नव्हती, राजाने ती शके १२०५मध्ये घडवली. हा लेख १८३३मध्ये राजपुत्र मोंगकुटला सापडला; तो तेव्हा भिक्खू होता, पुढे राजा झाला. १९८०च्या दशकात काही अभ्यासकांनी लेखाच्या अस्सलपणावर शंका घेतली आणि मोठा वाद झाला. २००३मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृती वारशात नोंद केली.

मला या लेखातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अक्षरांवरच्या दोन छोट्या खुणा. ब्राह्मीच्या घराण्यात सूर दाखवायची सोयच नव्हती, ती इथे केलेली दिसते. पुढे खुणा चार झाल्या. त्यांची नावं एक, थो, त्री, चत्तवा; अर्थ सांगायला नकोच.

सूर मात्र पाच आहेत, आणि ते निव्वळ खुणांवर ठरत नाहीत. लिपी आली तेव्हा ख आणि ग हे उच्चार वेगळे होते. पुढच्या शतकांत ग, द, ब यांचे उच्चार ख, थ, फ असे झाले आणि हरवलेला फरक सुरात उतरला. ख अक्षराने लिहिलेला 'खा' चढत्या सुरात म्हणजे पाय. मूळच्या गने लिहिलेला, वर खूण असलेला 'खा' उंच सुरात म्हणजे व्यापार. अक्षर तेच राहिलं, कारण सूर ओळखायला ते लागतंच. न-ग-र असं लिहून 'नखोन' वाचतात ते याचमुळे. शेवटचा र तिथे न होतो.

ट वर्ग, श, ष, ळ यांची कथा वेगळी. थाई बोलण्यात त्यांची गरज नव्हती. ते राहिले पाली-संस्कृतातून आलेल्या शब्दांसाठी. १९४२मध्ये फील्ड मार्शल फिबून सरकारने लिपी सोपी करायला घेतली आणि ४४ व्यंजनांतली १३ काढून टाकली: अख्खा ट वर्ग, घ, झ, श, ष, ळ आणि आधीच वापरातून गेलेली दोन. त्या दोघांना १८९२च्या पहिल्या थाई टाइपरायटरवरही जागा मिळाली नव्हती. १९४४मध्ये फिबून सत्तेवरून गेले आणि सुधारणा रद्द झाली. मुलांना शुद्धलेखनाचा त्रास होतो हे खरं, तरी मला तो निर्णय योग्य वाटतो: त्यामुळेच आजही थाई शब्द नुसता वाचून तो पालीतून आला की संस्कृतातून, हे पुष्कळदा सांगता येतं.