कुत्र्यातील दीर्घकालीन लंगडणे

कुत्र्यातील दीर्घकालीन लंगडणे : विश्रांती देऊनही न थांबणारे किंवा बरे वाटून पुन्हा उद्भवणारे लंगडणे. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. चपळ कुत्र्यात ते उशिरा ध्यानात येते, कारण खेळाच्या भरात वेदना झाकली जाते. झोपेतून उठल्यावरची पहिली काही पावले अधिक बोलकी असतात. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर उचलले जाते. तुटलेले नख, बोटांमध्ये रुतलेले कुसळ किंवा काटा यांसाठी पंजा आधी तपासतात.

मागच्या पायाच्या लंगडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे गुडघ्यातील पुढच्या स्वस्तिक अस्थिबंधाचा (हाडांना जोडणाऱ्या क्रूसिएट लिगामेंटचा) ऱ्हास. हा अस्थिबंध कशामुळे तुटतो यावर दीर्घकाळ मतभेद आहेत. पशुवैद्य साकी पात्सामा यांच्या १९५२ मधील हेलसिंकी येथील प्रबंधापासून या विकाराचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला असे साधारणतः मानतात. उडी किंवा मुरगळा हेच कारण, हे जुने मत माणसांच्या क्रीडादुखापतींशी जुळणारे आहे. मात्र अनेक कुत्र्यांत एका गुडघ्यामागोमाग दुसऱ्याचाही अस्थिबंध तुटतो आणि तुटण्याआधीच सांध्यात दाह आढळतो. त्यामुळे धागे आधीपासून झिजत जातात व उडी केवळ निमित्त ठरते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पशुशल्यचिकित्सक बार्कली स्लोकम यांनी तिसरी बाजू मांडली : नडगीच्या हाडाचा माथा मागे उतरता असल्याने, भार पडताच ते हाड पुढे ढकलले जाते आणि अस्थिबंधावर सतत ताण येतो. हा उतार कमी करणारी, हाड कापून फिरवण्याची शस्त्रक्रिया (टीपीएलओ) याच विचारातून आली. झीज आणि यांत्रिक ताण ही कारणे परस्परविरोधी मानण्याची गरज नाही. निदान हाताने, नडगीचे हाड मांडीच्या हाडापुढे सरकते का ते पाहून करतात. अर्धवट फाटलेल्या अस्थिबंधात मात्र ही चाचणी फसू शकते. सोबत आतल्या बाजूचा मेनिस्कस (गुडघ्यातील कूर्चेची गादी) फाटला असल्यास वेदना बरीच वाढते.

वाढत्या वयाच्या मोठ्या जातींत खुबा व कोपर यांची सदोष घडण (डिस्प्लेजिया) प्रथम विचारात घेतात. खुब्याच्या विकाराचे पशुवैद्य श्नेले यांनी १९३५ मध्ये केलेले वर्णन बहुधा पहिले असावे. तो अनेक जनुकांशी निगडित आहे, पण आहाराचा वाटाही मोठा आहे : ४८ लॅब्रडॉरांच्या आयुष्यभर चाललेल्या अभ्यासात २५ टक्के कमी अन्न मिळालेल्यांमध्ये खुब्याचा संधिविकार उशिरा व कमी आढळला. क्ष-किरण चित्रातील बिघाड आणि प्रत्यक्ष लंगडणे यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. लंगडणे एका पायावरून दुसऱ्या पायावर जात असेल, तर तरुण कुत्र्यात पॅनोस्टायटिस (लांब हाडांचा, आपोआप शमणारा दाह) संभवतो. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या एर्लिकियासारख्या (एक जिवाणू) संसर्गांतही सांधे दुखतात.

पोटऱ्या, मांड्या व खांद्याचे स्नायू ताणले जाणे धावपटू कुत्र्यांत आढळते.

मध्यम वयापुढील मोठ्या कुत्र्यात वाढत जाणारे लंगडणे आणि हाडावर कठीण सूज असल्यास ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कर्करोग) वगळणे तातडीचे असते. पुढच्या पायात तो प्रायः खांद्याजवळ किंवा मनगटाजवळ, मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास होतो.

माणसांची वेदनाशामके कुत्र्यास देऊ नयेत : आयबुप्रोफेनमुळे जठरात व्रण आणि मूत्रपिंडांना इजा, तर पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृतास गंभीर इजा होते.