‘द वेव्ह’ची सोडत आली कुठून?

अमेरिकेत ॲरिझोना आणि युटा राज्यांच्या सीमेजवळ, कायोटी ब्यूट्स या खडकाळ प्रदेशाच्या उत्तर भागात ‘द वेव्ह’ नावाची वालुकाश्माची लाटदार घळ आहे. फोटोत ती अफाट वाटते. प्रत्यक्षात मुख्य घळ जेमतेम 36 मीटर लांब आणि 19 मीटर रुंद.

हा खडक म्हणजे सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या, ज्युरासिक काळातल्या वाळवंटाच्या टेकड्या. वाऱ्याने वाळूचे थर तिरके रचले, पुढे ते दगड झाले. लोहाच्या ऑक्साइडने लाल-पिवळा रंग दिला. घळ मात्र वाऱ्याने कोरायला घेतली नाही. भेगांतून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याने आधी ती पाडली. पाणलोट आक्रसला, पाणी कमी झालं आणि मग वाऱ्यावरच्या वाळूने भिंती घासायला सुरुवात केली. मऊ थर लवकर झिजले, कठीण थरांच्या पातळ कडा पुढे आल्या. या कडा बुटाखाली सहज तुटतात. म्हणून इथे माणसं मोजून सोडावी लागतात, तीही सोडतीने.

1984 साली हा भाग संरक्षित रानप्रदेश झाला, तेव्हा वेव्हचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. नव्वदच्या दशकात फोटो फिरू लागले, एका जर्मन माहितीपटाने युरोपातले पर्यटक इकडे वळवले. मग अमेरिकेच्या भूव्यवस्थापन खात्याने रोज 20 जणांची मर्यादा घातली: 10 परवाने ऑनलाइन, 10 प्रत्यक्ष हजर राहणाऱ्यांना. युटातल्या कॅनॅब गावात सकाळी लोक जमत आणि पिंजऱ्यातून क्रमांकाचे गोळे काढले जात. 2018 साली वर्षभराच्या 7,300 जागांसाठी दोन लाखांवर लोकांनी अर्ज केले.

2021 मध्ये मर्यादा 64 वर गेली. मागणी पाहता वाढ समजण्यासारखी आहे, पण खडक काही तिपटीने मजबूत झालेला नाही. 2022 पासून कॅनॅबमधली रोजची सोडतही मोबाइलवर आली. अर्ज करताना फोन त्या परिसरातच असावा लागतो.

वाटेचं म्हणाल तर आखलेली पायवाट नाही. परवान्यासोबत खुणांच्या फोटोंचा नकाशा मिळतो. जाऊन-येऊन साधारण 10 किलोमीटर, सावली जवळजवळ नाहीच. 2013 च्या जुलैमध्ये इथल्या उष्म्याने तिघांचा जीव घेतला. सोडतीच्या अर्जाचे 9 डॉलर परत मिळत नाहीत. नंबर लागलाच तर माणशी आणखी 7 डॉलर, आणि सोबत कुत्रा न्यायचा तर त्याचेही तेवढेच.