सीमाभागातले ख्रिस्ती आणि सगळ्यांची संस्कृती : चारशे वर्षांची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यात ख्रिस्ती लोक शंभरात एक इतकेही नाहीत. तरीही इथल्या शाळा, दवाखाने आणि मराठी गद्य यांचा इतिहास लिहायला घेतला की त्यांना वगळून पुढे सरकता येत नाही. लौकिक जगात ख्रिस्ती माणसाने कसं उतरावं, तिथलं बिघडलेलं कसं सावरावं, यावर सध्या तरुणांच्या शिबिरांत आणि पाळकांच्या (चर्चच्या धर्मसेवकांच्या) बैठकांत बरंच बोललं जातं. बोलणं बहुधा परदेशी पुस्तकांच्या आधाराने होतं, आणि गाडी तिथेच अडते.

त्या पुस्तकांच्या मुळाशी एक ठरावीक अनुभव आहे. डच पाळक अब्राहम कायपर यांनी १८८० साली अॅमस्टरडॅममध्ये फ्री युनिव्हर्सिटी उघडताना, जगण्याचं कुठलंही क्षेत्र ख्रिस्ताच्या सत्तेबाहेर नाही, अशी मांडणी केली. त्यांच्या हाताशी स्वतःचं वृत्तपत्र होतं, पक्ष होता. १९०१ ते १९०५ ते देशाचे पंतप्रधान होते. इंग्रज मिशनरी लेस्ली न्यूबिगिन १९३६ मध्ये तमिळ मुलखात आले, १९४७ मध्ये दक्षिण भारत चर्चचे बिशप झाले आणि १९७४ मध्ये इंग्लंडला परतल्यावर त्यांना मायदेशच परका वाटू लागला. दोघांचंही दुखणं एकाच जातीचं : घर, म्हणजे भोवतालचा समाज, आपलं होतं, ते हातचं गेलं. बेळगावात ते घर चर्चच्या नावावर कधी नव्हतंच. त्यामुळे इथे सावरणं म्हणजे गेलेला मान परत मागणं असू शकत नाही. सगळ्यांच्या वापरातल्या गोष्टींची डागडुजी करणं, एवढाच त्याचा अर्थ उरतो, आणि इतिहासात जे टिकलं ते याच वाटेने टिकलं.

पहिला धागा गोव्याकडून येतो. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचे सदस्य) १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं : दहा हजारांहून अधिक ओव्या, भाषा कोकणी वळणाची मराठी, लिपी मात्र रोमन. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला त्यांना संकोच वाटला नाही. पण ज्या सत्तेच्या सावलीत हे पुराण झालं, त्याच पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषा बोलण्यावर बंदीचा हुकूम काढला. संस्कृतीत शिरण्याचा आणि संस्कृती मोडण्याचा असे दोन्ही प्रयत्न एकाच शतकात, एकाच छत्राखाली चालले होते. खानापूर तालुक्यातली कोकणी बोलणारी बरीच कॅथलिक घराणी मूळची गोव्याकडची. या दोन्ही आठवणी त्यांच्यासोबत घाट चढून आल्या.

प्रॉटेस्टंट धागा छावणीचा आहे. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथे आले. सुरुवातीची मंडळी, म्हणजे चर्चचा उपासकसमुदाय, जमली ती मुख्यतः पलटणीबरोबर आलेल्या तमिळ लोकांची. गावातल्या मराठी-कन्नड माणसाशी खरा संबंध आला तो शाळेमुळे. १८३० च्या दशकात निघालेली मिशनची इंग्रजी शाळा पुढे बेनन स्मिथ हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. जेझुइटांचं सेंट पॉल्स १८५६ चं. लंडन मिशनने १९०४ मध्ये बेळगावचं काम मेथडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाकडे सोपवलं.

त्या मिशन शाळेत शिकलेला एक मुलगा या साऱ्या प्रकरणात महत्त्वाचा आहे. बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात, कासार कुटुंबात जन्मले. पुढे मुंबईत शिकताना जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस मंडळीशी त्यांचा संबंध आला आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव बदललं नाही. १८५७ मध्ये त्यांचं ‘यमुनापर्यटन’ निघालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अनेक अभ्यासक तिचं नाव घेतात. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. कादंबरीतली यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते. केशवपन, उपासमार, घरातल्यांचा जाच हे सगळं तपशिलाने येतं. शेवट मात्र प्रचाराच्या वळणावर जातो : यमुनेला वैधव्य येतं, ती ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. वाङ्मय म्हणून तो भाग अगदीच पातळ आहे. पुस्तक आजही वाचलं जातं ते मधल्या पानांसाठी, कारण तिथे लेखक सगळ्या समाजाच्या दुखण्याबद्दल सगळ्यांच्या भाषेत बोलतो. पदमनजींनी कोशांचं कामही केलं, आणि कोश तर कुणाचा धर्म विचारत नाही.

याच काळात उलट दिशेचीही एक गोष्ट घडत होती, ती म्हणजे मिशनचं आवार. बाप्तिस्मा घेतला की घर, भाऊबंद, धंदा एका दिवसात तुटायचा. मग मिशनने खोली द्यायची, नोकरी द्यायची, मुलांना शाळेत घ्यायचं. त्या घडीला दुसरा इलाजही नव्हता. पण एकाच कुंपणात राहणं, शिकणं, कमावणं आणि प्रार्थना करणं आलं की दुसऱ्या पिढीला बाहेर पडायची गरजच वाटेनाशी होते. पगार मिशनचा, म्हणून मत मिशनचं. शेजारचा गावकरी त्यांना ‘साहेबाची माणसं’ म्हणू लागला आणि साहेब गेल्यावरही ती ओळख पुसली गेली नाही. सीमाभागातल्या जुन्या मंडळ्यांत आजही जमिनीचे आणि भाड्याचे वाद निघतात, त्यांची मुळं या व्यवस्थेत आहेत.

कुंपण तोडण्याचा सर्वांत धीट प्रयत्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५. नाव, पेहराव, भाषा सगळं मराठीच. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ चालला नाही, पण त्यांचे अभंग आणि कीर्तनाची रीत टिकली. ख्रिस्ती कीर्तन त्यांच्याआधीच, अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी रुजवलं होतं.

कीर्तनावर थोडं थांबायला हवं, कारण हा प्रकार आजही निपाणी-चिकोडीकडच्या कुठल्याही गावात उभा करता येतो. ठेवण नारदीय : नमन, मुख्य पद, पूर्वरंगात त्याचं निरूपण, मध्यंतरात नामघोष, उत्तररंगात आख्यान, शेवटी आरती. पावणेदोन तासांत सगळं बसवायचं तर नमनाला पाच मिनिटं, पूर्वरंगाला चाळीस, मध्यंतराला दहा आणि आख्यानाला पन्नासच्या आत. उधळ्या पुत्राचं आख्यान (बायबलमधला तो मुलगा वाटणी उधळून डुकरं राखायची वेळ आल्यावर बापाकडे परततो) लावायचं असेल तर पूर्वरंगाला लेकराची वाट पाहणाऱ्या मायबापाचा एखादा संतांचा अभंग घ्यावा. श्रोत्याला तो पाठ असतो, आणि आख्यानातला बाप दारात उभा राहतो तेव्हा तोच अभंग पुन्हा उचलता येतो. आख्यानात साकी, दिंडी, ओवी ही वृत्तं बदलती ठेवावीत. साथीला पेटी, तबला, झांज आणि मागे ध्रुवपद उचलणारे निदान दोन झीलकरी. पेटीवरची पट्टी आधी ठरवावी : पुरुषांना काळी एक-दोन चालते, बायकांना काळी चार-पाच लागते; ते न बघता सुरुवात केली की ध्रुवपद कुणी उचलत नाही आणि कीर्तनकार एकटाच गात राहतो.

बिघडतं ते बहुधा उत्तररंगात. आख्यान सोडून प्रवचन सुरू होतं, बायबलच्या वचनांची रांग लागते, मुलगा डुकरांमागेच राहतो आणि बाप दारातच उभा. दुसरी खोड म्हणजे दुसऱ्यांच्या देवांवर मारलेला एखादा टोमणा. त्या एका वाक्याने पुढच्या वर्षीचं पटांगण जातं, आणि जायलाच हवं. तिसरं, शेवटी ‘ज्यांना पटलं त्यांनी पुढे यावं’ हे आवाहन. ते सभेच्या पद्धतीतून आलेलं आहे. कीर्तनाचा शेवट आरतीने होतो आणि लोक आपापल्या घरी जातात.

दवाखान्याबद्दल थोडक्यात. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, १८९७ मध्ये त्याला वैद्यकीय शाळा जोडली. अथणी, चिकोडी, निपाणीकडच्या लोकांना मिरजेचा दवाखाना म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वेगळ्या प्रचाराशिवाय तिथे जो विश्वास कमावला गेला, तो शेकडो पत्रकांनी कमावता आला नसता.

कॅथलिकांच्या बाजूला मोठा बदल जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) आणला. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमधून लोकभाषेत आली. १९६९ मध्ये भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने बारा बाबींना संमती दिली : पादत्राणं काढून जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाची समई, आरती वगैरे. कुठे किती स्वीकारायचं ते स्थानिक बिशपांवर होतं. देशभर यावर दोन्हीकडून टीका झाली. जुन्या वळणाच्या घरांना हे हिंदू वाटलं. बाहेरच्या काहींना लबाडीची नक्कल. दोन्ही आक्षेपांत तथ्याचा अंश आहे. समई वेदीवर लावली पण शेजारपाजारच्या सुखदुःखात कुणी गेलंच नाही, तर ती नुसती सजावट ठरते.

मग भाषेचा प्रश्न. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) १९५३ चा; म्हणजे राज्यपुनर्रचनेच्या आधीचा. १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९६७ मध्ये सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. चर्चच्या आत मात्र मराठी, कोकणी, कन्नड, इंग्रजी एकाच छपराखाली राहिल्या. ही अवघड गोष्ट आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. व्यवहारात ती सांभाळली जाते ती वेळापत्रकाने : रविवारी भाषावार उपासना वेगळ्या, पण नाताळ, शुभ शुक्रवार आणि ईस्टरला वाचनं वाटून. तिथे गायनाची संख्याही आधी ठरवावी लागते. एका भाषेची चार गीतं आणि दुसरीचं एक झालं की वाद गाण्यावरून सुरू होतो आणि कुठे जातो हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

भाषेचं खरं नुकसान शाळांत झालं. ६ मे २०१४ या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. कर्नाटक सरकारला खाजगी प्राथमिक शाळांवर मातृभाषेचं माध्यम लादता येणार नाही, हा एक. अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायदा, म्हणजे त्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागाही, लागू नाहीत, हा दुसरा. दोन्ही निकाल ख्रिस्ती शाळांच्या सोयीचे. पण सोयीचा अर्थ काय लावायचा हे संस्थेच्या हातात असतं, आणि बहुतेकांनी तो इंग्रजी माध्यम आणि वाढती फी असा लावला. ज्या शिक्षणातून पदमनजींसारखा मराठी लेखक निघाला, त्याच परंपरेतल्या शाळांतली मुलं आज मराठी वर्तमानपत्र अडखळत वाचतात, हे आम्हाला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोठं अपयश वाटतं. परदेशी छाप पुसायची तर वेदीआधी पहिली ते चौथीच्या तासिकांकडे पाहावं : मराठी किंवा कन्नडला रोज एक पूर्ण तास, शिक्षक त्याच भाषेचा पदवीधर, आणि तो तास स्नेहसंमेलनाच्या तालमीत कापला जाणार नाही याची लेखी हमी.

गरिबांच्या मुलांना फीमाफी द्यायची तर आणखी एक अडचण आहे. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते २३ डिसेंबर २०२१ ला, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधल्या हिवाळी अधिवेशनात. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यातल्या प्रलोभनाच्या व्याख्येत धर्मसंस्थेच्या नामांकित शाळेतलं मोफत शिक्षणही घातलं होतं. धर्मांतराआधी तीस दिवस जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी घोषणा, ही अट वेगळीच. कायद्याबद्दल मत काहीही असो, त्यामागचा संशय गावात आहे आणि तो कायद्याबरोबर रद्द होत नाही. म्हणून फीमाफीचे निकष लेखी ठेवावेत आणि फक्त उत्पन्नाचे ठेवावेत. निवड समितीत निम्मे सदस्य ख्रिस्ती नसलेले घ्यावेत. यादीत धर्माचा रकानाच नको. पैसा शक्यतो माजी विद्यार्थ्यांकडून उभा करावा, कारण विदेशी देणगी नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतूनच घ्यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही आणि प्रशासनावर तिच्यातले वीस टक्केच खर्च करता येतात.

गावातल्या जाहीर कार्यक्रमालाही हाच उघडेपणा लागतो. पत्रिकेवर आयोजक मंडळीचं नाव ठळक असावं. ‘सांस्कृतिक मंच’ असं मोघम नाव घेतलं की पहिला संशय तिथेच येतो. पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी काढावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तेव्हा कीर्तन साडेसातला सुरू करून सव्वानऊपर्यंत आरतीला आणावं. दारात नाव-नंबर लिहायची वही ठेवू नये. फराळ वाटायचा असेल तर आलेल्या सगळ्यांना, बसल्या जागी, सारखाच.