ब्रेमेनचा श्वारेन: नाव 'जड', नाणं तांब्याचं

जर्मनीतल्या जुन्या नगरराज्यांची नाणी म्हटली की थालर या चांदीच्या मोठ्या नाण्याचीच चर्चा होते. मला त्यांचा तांब्याचा खुर्दा जास्त मोलाचा वाटतो, कारण बाजारहाट त्यावर चालायचा.

ब्रेमेनचं अडीच श्वारेनचं नाणं घ्या. एका बाजूला ढालीवर तिरकी किल्ली, दुसऱ्या बाजूला किंमत आणि साल. राजाचा चेहरा नाही, कारण शहराला राजाच नव्हता. किल्ली संत पीटरची, तिथल्या कॅथेड्रलच्या रक्षक संताची.

'श्वारेन' म्हणजे जड. मध्ययुगात चांदीच्या वजनदार फेनिगला, म्हणजे तिथल्या छोट्या नाण्याला, हे नाव पडलं. नाणी पाडण्याचा हक्क सम्राट पाचव्या चार्ल्सने शहराला 1541 मध्ये दिला. पुढे चांदी घटत गेली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस हाच 'जड' फेनिग तांब्यात पडू लागला होता.

त्यामागचं कारण साधं होतं. चांदीचं नाणं लहान करत नेलं तर ते चिमटीत धरवत नाही आणि पाडण्याची मजुरीही सुटत नाही. तांब्याचं नाणं हाताला लागतं. पण त्याची किंमत धातूत नसते, शहराच्या शब्दात असते. हा शब्द मोडला की काय होतं, ते जर्मन मुलखाने 1619 ते 1623 या काळात भोगलं होतं. चांगली नाणी तराजूत निवडून वितळवायची आणि तांबं मिसळलेली हिणकस नाणी बाजारात सोडायची, असा तो धंदा. तराजूच्या हेलकाव्यावरूनच त्याला 'किपर उंड विपर' म्हणत.

ब्रेमेनचा हिशेब असा: 5 श्वारेनचा एक ग्रोटे, 72 ग्रोट्यांचा एक थालर, म्हणजे थालरला 360 श्वारेन. अडीच श्वारेन हा अर्धा ग्रोटे. आपल्याकडे 'अडीच' असा सुटसुटीत शब्द आहे, म्हणून हे नाणं मराठी माणसाला लगेच जवळचं वाटावं.

शहरांच्या या खुर्द्याचा शेवट जवळपास एकाच वेळी आला. रोस्टॉकचं ग्रिफिन (गरुड-सिंहाचा काल्पनिक प्राणी) असलेलं तीन फेनिगचं नाणं 1864 पर्यंत, फ्रँकफर्टचं हेलर हे छोटं नाणं 1865 पर्यंत, ब्रेमेनचं अडीच श्वारेन 1866 पर्यंत. 1 जुलै 1872 रोजी ब्रेमेनने नव्या जर्मन साम्राज्याचं चलन, 100 फेनिगचा मार्क, स्वीकारला. 28 थालरला 93 मार्क हा दर, त्यामुळे एक श्वारेन नव्या फेनिगहून किंचित कमी भरला. साम्राज्यात शहरांना आपली चिन्हं चांदी-सोन्याच्या मोठ्या नाण्यांवर ठेवता आली. खुर्द्यावर मात्र सगळीकडे एकच गरुड आला.