पाचूची अंगठी घाला, धुळीला भ्या

लक्ष्मी रोडवर पाचू बघायला गेलं की कोणीतरी हमखास सांगतं, "त्यात बेरिलियम असतं, अंगात विष भिनेल." हे खरं नाही. पाचूत बेरिलियम (एक हलका धातू) असतं. १७९८ मध्ये व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते बेरिल या खनिजात आणि पाचूतच शोधलं. पण तिथे ते ॲल्युमिनियम-सिलिकेटच्या स्फटिकात घट्ट बांधलेलं असतं, घामाने सुटत नाही.

मला काळजी वाटते ती भोसरीतल्या वर्कशॉपमधल्या पोरांची. मोल्डसाठी येणाऱ्या बेरिलियम कॉपरमध्ये, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूत, बेरिलियम जेमतेम २ टक्के, म्हणून ती म्हणतात, "दोन टक्क्यांनी काय होतंय!" अखंड ठोकळा हातात धरला तर खरंच काही होत नाही. तोच कोरडा ग्राइंडरला लावला की डोळ्यांना न दिसणारी धूळ श्वासातून फुप्फुसात जाते. काहींची प्रतिकारशक्ती तिच्यावर उलटते, फुप्फुसात बारीक गाठी होतात, आणि धाप लागायला कधीकधी कित्येक वर्षं जातात. कॅन्सरचा धोका वेगळाच. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीला हवेतली सरासरी मर्यादा घनमीटरला ०.२ मायक्रोग्रॅम आहे. तोंडाला बांधलेला रुमाल इथे कुचकामी. कूलंट (थंड ठेवणारं द्रव) वाहतं ठेवून काम करा, धूळ जागीच ओढून घ्या, आणि सुट्टी झाल्यावर एअर गनने कपडे झटकणं आजच थांबवा. ते कपडे घरीही नेऊ नका.